कामगंध सापळ्यातला प्रत्येक पतंग गुलाबी बोंडअळीचाच असतो का?

सूक्ष्मपंखी

कपाशीला पात्या (फुलकळ्या) लागल्या की मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे एकरी दोन लागतात आणि रोज सकाळी पिशवीतले पतंग मोजले जातात. सलग तीन रात्री सापळ्यामागे ८ पतंग आले की फवारणीची वेळ झाली, हा आकडा आता विदर्भ-मराठवाड्यात सगळ्यांना पाठ आहे. मोजायचं काय, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. पिशवीत एक सेंटिमीटरच्या आतले, राखी-तपकिरी, खवले झडलेले पतंग असतात आणि त्यातले काही चक्क गवताच्या काडीसारखे पिवळट दिसतात. तेही मोजायचे का?

माझं मत असं की ओळख न पटवता केलेल्या मोजणीवर फवारणीचा खर्च करणं चूक आहे. म्हणून जाणकारांना तीन गोष्टी विचारतो. गुलाबी बोंडअळीचा, म्हणजे पेक्टिनोफोरा गॉसिपिएलाचा, पतंग नेमका कशावरून ओळखायचा? वर्गीकरणात तो कुठे बसतो आणि त्याचे सख्खे-चुलत कोण? पंख झिजलेला असेल तर काय पाहायचं?

अमरावतीकर

शंका उगाच वाटते. प्रत्येक जातीच्या मादीचा गंध वेगळा असतो. हिरव्या बोंडअळीची ल्युर (सापळ्यात लावायची गंधाची वडी) वेगळी, ठिपक्यांच्या बोंडअळीची वेगळी. गुलाबीच्या ल्युरला दुसरी जात येईलच कशाला? जे आलं ते मोजा आणि मोकळे व्हा.

निशाचर

आधी रूप सांगतो, म्हणजे पुढची चर्चा सोपी होईल.

पंख मिटून बसलेला पतंग साधारण ८ ते ९ मिलिमीटर, म्हणजे बासमतीच्या लांब दाण्याएवढा. पंख पसरले तर १५ ते २० मिलिमीटर. पुढचे पंख लांबट, टोकाला निमुळते, रंग राखी-तपकिरी. त्यावर काळपट शिंतोडे आणि आडवे अस्पष्ट पट्टे, मध्यभागी एक गडद डाग, टोकाकडचा भाग जास्त काळा. मागचे पंख रुपेरी करडे, त्यांवर नक्षी नाही, कडेला लांब केसांची झालर. पुढचे पंख गडद आणि मागचे चांदीसारखे, ही जोडी डोळ्यांत बसली की अर्धं काम झालं.

पण रंगावर थांबू नका. भिंगाखाली तीन जागा पाहा.

पहिली डोकं. तोंडापासून दोन लेबियल पॅल्प (ओठाच्या स्पर्शिका) निघतात आणि कोयत्यासारखे वर वळून डोळ्यांच्याही वर जातात. मधल्या खंडाखाली खवल्यांचा ब्रशसारखा झुपका असतो. शेवटचा खंड टोकदार आणि त्यावर काळी वळी. वर वळलेले पॅल्प हे गेलेचिइडी कुळाचं लक्षण आहे. सोंडेच्या बुडाशी खवले असणं हे त्याहून मोठ्या गटाचं, म्हणजे गेलेचिऑइडिया या महाकुळाचं.

दुसरी शृंगिकेचा पहिला खंड. त्यावर पाच-सहा लांब राठ केस एका ओळीत उभे असतात, फणीच्या दातांसारखे. याला पेक्टेन म्हणतात. पेक्टिनोफोरा म्हणजे फणी धारण करणारा, नाव इथूनच आलं. हे केस सापळ्यात धडपडताना तुटतात, त्यामुळे दिसले तर उत्तम, दिसले नाहीत म्हणून पतंग बाद करू नका.

तिसरी मागच्या पंखाचा आकार. पंख चौकोनाकडे झुकणारा, टोक पुढे आलेलं आणि टोकाच्या लगेच खाली कड आत गेलेली. रुंदीला तो पुढच्या पंखाहून कमी नसतो. खवले सगळे झडले तरी हा आकार बदलत नाही, म्हणून झिजलेल्या पतंगात माझा सगळा भर यावर असतो.

रसायनी

अमरावतीकर, तुमचा नियम बहुतेक जातींना लागू आहे, इथे मात्र तो अडखळतो.

गुलाबी बोंडअळीच्या मादीचा गंध दोन घटकांचा आहे. दोन्ही ७,११-हेक्साडेकाडायइनिल ॲसिटेट हेच रसायन, फक्त दुहेरी बंधांची ठेवण वेगळी. या ठेवणीचे दोन प्रकार, झेड आणि ई. एकात दोन्ही बंध झेड, दुसऱ्यात एक झेड आणि एक ई. साधारण सम प्रमाणातल्या या मिश्रणाला गॉसिप्लुर म्हणतात आणि आपल्या ल्युरमध्ये तेच भरलेलं असतं. आता गंमत पाहा. धान्यावरचा पतंग सिटोट्रोगा सेरिअलेला, त्याच्या मादीचा गंध म्हणजे यातला दुसरा, झेड-ई घटक. म्हणजे तुमच्या ल्युरमध्ये त्याच्या बायकोचा वासही अर्धा मिसळलेला आहे. त्याचे नर या सापळ्यात येतात ते त्यामुळे. सूक्ष्मपंखींना दिसलेले काडीच्या रंगाचे पतंग बहुधा हेच.

या गंधाचा शोधही सरळ लागला नव्हता. १९६६ मध्ये प्रोपिल्युर नावाचं वेगळंच रसायन गुलाबी बोंडअळीचा गंध म्हणून जाहीर झालं होतं, पण त्याला नर येईनात. मग काही वर्षं हेक्साल्युर हे कृत्रिम आकर्षक वापरलं गेलं आणि १९७३ मध्ये हुमेल आणि सहकाऱ्यांनी खरा दोन घटकांचा गंध दाखवून दिला.

अमरावतीकर

हे माहीत नव्हतं, धन्यवाद. तरी मोकळ्या कपाशीत धान्याचा पतंग असा कितीसा येणार? तो तर कोठारातला किडा.

धान्यकोठार

कोठारातला असला तरी कोठारापुरता नाही. सिटोट्रोगा उभ्या पिकातल्या दाण्यावरही अंडी घालतो. ज्वारी, मका, भात, गहू, दाणा भरत आला की चालतं त्याला. खरीप ज्वारी किंवा मका कपाशीला लागून असेल, बांधावर कणसांचा ढीग असेल, सापळा गोठ्याजवळ किंवा घराच्या भिंतीजवळ लावला असेल, तर तो येणारच. चारही बाजूंनी कपाशी असलेल्या शेताच्या मध्यात तुमचं म्हणणं बरोबर ठरेल. म्हणजे प्रश्न सापळ्याच्या जागेचाही आहे.

ओळख अशी. पुढचा पंख फिकट पिवळट, वाळल्या गवताच्या किंवा गव्हाच्या कोंड्याच्या रंगाचा, थोडा रेशमी चमकणारा, त्यावर कधी एखादा बारीक काळा ठिपका. आडवे पट्टे नाहीत. आकाराने बोंडअळीच्या पतंगापेक्षा लहान आणि सडपातळ, पंखविस्तार १० ते १६ मिलिमीटर. खरी खूण मागच्या पंखात. तो अरुंद असतो, त्याचं टोक बोट दाखवावं तसं एकदम बारीक होऊन पुढे येतं आणि झालरीचे केस पंखाच्या रुंदीहून लांब असतात. गुलाबीचा मागचा पंख रुंद, झालर त्यामानाने आखूड. पांढऱ्या कागदावर दोघं शेजारी ठेवले तर शाळेतलं पोरही वेगळे करेल.

भिंग

झिजलेल्या पतंगांबद्दल. खवले झडतात ते मुळात पिशवीतच. नरसाळे सापळ्याच्या पॉलिथिन पिशवीत पतंग सकाळपर्यंत फडफडत राहतो आणि उन्हं चढेपर्यंत त्याची नक्षी पुसली जाते. त्यामुळे:

पिशवी रोज सकाळी लवकर सोडवा. दोन-तीन दिवसांचा माल एकदम मोजला तर अर्धा चुरा निघतो आणि तीन रात्रींचा हिशेबही लागत नाही. पिशवीच्या तळाला बारीक भोकं पाडा, नाहीतर पावसाचं पाणी साचून लगदा होतो. खांबाला ग्रीस लावा. मुंग्या पिशवीत शिरल्या की धड खातात, पंख तेवढे उरतात आणि मोजणी कमी भरते. सापळा पिकाच्या शेंड्याच्या वर साधारण फूटभर राहिला पाहिजे, पीक वाढेल तसा तो वर घ्या. ल्युर तीन-चार आठवड्यांनी बदला आणि जुनी ल्युर शेतात टाकून देऊ नका, ती तिथे पडल्या पडल्या गंध सोडत राहते. हिरव्या बोंडअळीची ल्युर हाताळलेल्या बोटांनी गुलाबीची धरू नका. प्रत्येक ल्युरला नवा हातमोजा किंवा चिमटा.

घरी आणल्यावर पिशवी अर्धा-एक तास फ्रीझरमध्ये ठेवा. पतंग न तुटता मरतो आणि थोड्या वेळात सैल पडतो. मग पांढऱ्या कागदावर काढून १० पटीच्या भिंगातून पॅल्प आणि मागचे पंख पाहा. पेक्टेनसाठी २० पट लागते. मागचा पंख पुढच्याखाली दडलेला असेल तर ओल्या बारीक ब्रशने पुढचा पंख बाजूला सारा. चिमट्याने ओढलात तर तो निघूनच येईल.

डेल्टा सापळ्याच्या चिकट पत्र्यावर चिकटलेला पतंग खरवडू नका. पत्र्याचा तेवढा तुकडा कापून काही तास केरोसीनमध्ये किंवा झायलीनमध्ये बुडवा, डिंक सुटला की अल्कोहोलमध्ये धुवा.

कपाशीवाला

भिंग भाऊ, हे छापून गावात चिकटवायला पाहिजे. वाचनखूण साठवली.

एक भर. या सापळ्यात नरच येतात, मादी येत नाही. त्यामुळे पिशवी रिकामी म्हणजे अंडी नाहीत असं समजू नये. प्रकाश सापळ्यात दोन्ही येतात, पण तिथे इतर शंभर किडे असतात.

निशाचर

बरोबर. नर-मादी ओळखायची सोपी खूण आहे. मागच्या पंखाच्या बुडाशी एक राठ केस असतो, फ्रेनुलम म्हणतात, तो पुढच्या पंखात अडकून उडताना दोन्ही पंख जोडून धरतो. नरात तो एकच आणि जाड, मादीत एकाहून जास्त आणि बारीक. कामगंध सापळ्यात अनेक केसांचा फ्रेनुलम दिसला तर तो किडा वासाने आलेला नाही, चुकून शिरलेला आहे.

रानभेंडी

शेतकी महाविद्यालयाच्या जुन्या पुस्तकात गुलाबी बोंडअळीचं नाव प्लॅटिएड्रा गॉसिपिएला असं आहे. हीच ना? आणि नावापुढे साँडर्स कंसात का लिहितात?

निशाचर

हीच. तिच्या नावाचा प्रवास सांगण्यासारखा आहे, आणि तो आपल्या शेजारून सुरू होतो.

भडोचच्या सरकारी कपाशीवर अळीने नुकसान केलं, तिथले नमुने इंग्लंडला गेले आणि डब्ल्यू. डब्ल्यू. साँडर्स यांनी त्यावरून या जातीचं वर्णन केलं. नाव १८४४ चं धरतात. त्यांनी ती डिप्रेसारिया या प्रजातीत (जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) घातली, म्हणून मूळ नाव डिप्रेसारिया गॉसिपिएला. पुढे ती गेलेचियात गेली, मग मेरिक यांनी केलेल्या प्लॅटिएड्रा या प्रजातीत. प्लॅटिएड्राचा मूळ प्रतिनिधी म्हणजे युरोपातला, मॅलो जातीच्या झाडांवरचा एक पतंग, त्यालाही इंग्रजीत कपाशीच्या खोडाचा पतंग म्हणतात. तो आणि आपला पतंग एकाच प्रजातीत राहू नयेत एवढे वेगळे आहेत, असं ऑगस्ट बुस्क यांना वाटलं आणि १९१७ मध्ये त्यांनी गॉसिपिएलासाठी पेक्टिनोफोरा ही नवी प्रजाती केली. भारतात मात्र प्लॅटिएड्रा हे नाव पुढे कित्येक वर्षं पुस्तकांत चालत राहिलं. जुना अहवाल शोधताना दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर निम्मी माहिती हाती लागणार नाही.

कंसाचं कारण हेच. जातीला पहिलं नाव देणाऱ्याने जी प्रजाती लिहिली होती ती आता बदललेली असेल तर त्याचं नाव आणि साल कंसात जातं. कंस दिसला की समजायचं, या किड्याने घर बदललं आहे.

आजची पत्रिका: गण लेपिडोप्टेरा, महाकुळ गेलेचिऑइडिया, कुळ गेलेचिइडी, उपकुळ अपॅटेट्रिनी, त्यात पेक्सिकोपिइनी ही टोळी. आधी हिला स्वतंत्र उपकुळाचा मान होता. २०१३ मध्ये कार्सहोल्ट आणि सहकाऱ्यांनी जनुकांवरून या कुळाची मांडणी केली, त्यात ती अपॅटेट्रिनीत गेली.

आणि रसायनींच्या मुद्द्याचं उत्तर इथेच दडलंय. सिटोट्रोगाही याच टोळीत येतो. एक कपाशीचं बी खातो, दुसरा ज्वारीचा दाणा, रंगाने अगदी वेगळे, पण दोघं चुलत भाऊ. जवळच्या नातेवाइकांच्या माद्या एकाच साच्यातली रसायनं तयार करतात यात नवल नाही.

रसायनी

निशाचर, फार छान जोडलंत. सापळ्यातला घोळ वर्गीकरण पाहिल्याशिवाय कळला नसता.

शब्दवेडा

थोडं विषयांतर. गॉसिपियम म्हणजे कपाशी हे ठीक, पण शेवटी "एला" का? गॉसिपिएला, सेरिअलेला, सगळे एला.

निशाचर

लिनियसची पद्धत. त्याने पतंगांचे गट केले तेव्हा गटाप्रमाणे नावाची शेवटची अक्षरं ठरवली. टिनिया म्हणजे बारीक पतंगांना एला, पानं गुंडाळणाऱ्या टॉर्ट्रिक्सना आना, पायरॅलिसना आलिस, मोजपट्टी अळीच्या पतंगांना आरिया. पुढच्या लोकांनी ती चाल बरीच वर्षं पाळली. म्हणून जुन्या नावाच्या शेवटी एला दिसलं की सूक्ष्म पतंग असावा असा अंदाज बांधता येतो. सूक्ष्म पतंग ही सोयीची मोळी आहे, नैसर्गिक गट नव्हे, हेही लक्षात असू द्या.

कपाशीवाला

मग हिरवी, ठिपक्यांची आणि गुलाबी या तिन्ही बोंडअळ्या नात्यात कुठे?

निशाचर

कुठेच जवळ नाहीत. हिरवी बोंडअळी, हेलिकोव्हर्पा, नॉक्टुइडी कुळातली. पतंग दांडगा, पंखविस्तार ३० ते ४० मिलिमीटर. ठिपक्यांची बोंडअळी, एरियास, नोलिडी कुळातली. तिच्या एका जातीत फिकट पंखाच्या मधोमध हिरवी पाचर असते, दुसरीत पुढचा पंख जवळजवळ पूर्ण हिरवा. गुलाबी गेलेचिइडीतली, म्हणजे बटाट्यातल्या आणि टोमॅटोवरच्या नागअळीच्या पतंगांची नातलग. टोमॅटोवरची ती टुटा २०१४ मध्ये भारतात पहिल्यांदा सापडली ती आपल्या पुण्याकडेच. बोंड खाण्याची सवय तीन कुळांत स्वतंत्रपणे आली आणि आपण तिघींना एक आडनाव देऊन टाकलं.

या आडनावाने नुकसानही केलं. बीटी वाणावर, म्हणजे अळीला मारणारं प्रथिन स्वतः तयार करणाऱ्या कपाशीवर, लोक "बोंडअळी येत नाही" म्हणत राहिले. २००२ ला पहिला बीटी वाण आला, २००६ ला दोन जनुकांचा. हिरवी आणि ठिपक्यांची त्यावर अजून दबून आहेत. गुलाबीने मात्र आधी एका जनुकाला आणि नंतर दोन्हींना दाद देणं थांबवलं. २०१७ च्या हंगामात विदर्भाने ते सोसलं. त्या वेळी बोंड उकलून "ही कोणती अळी" हा प्रश्न आधी विचारला गेला असता तर काही आठवडे हाती आले असते, असं मला फार वाटतं.

ब्रिस्बेनकर

पेक्टिनोफोरात एकूण तीन जाती आहेत, आणि बाकीच्या दोन इकडे ऑस्ट्रेलियात. पे. स्क्युटिजेरा क्वीन्सलँडमध्ये, जास्वंद कुळातल्या रानझाडांवर आणि कपाशीवरही. हिला इथे गुलाबी ठिपक्यांची बोंडअळी म्हणतात. पे. एंडेमा ही किनाऱ्यावरच्या पिवळ्या फुलांच्या जास्वंदीवरची, तिचं वर्णन इयान कॉमन यांनी १९५८ मध्ये केलं. तिन्हींचे पतंग नुसत्या डोळ्यांना सारखेच. एकाच प्रजातीच्या तीन जाती या भागात असल्यामुळे गुलाबी बोंडअळीचं माहेरही ऑस्ट्रेलिया-इंडोनेशियाकडचंच, असा एक पक्ष आहे आणि मला तो पटतो.

खानदेशी

मला नाही पटत. वर्णन भडोचच्या कपाशीवरून झालं. जगभर ती पसरली तीही भारतातून. इजिप्तमध्ये १९०६-०७ च्या सुमारास ती भारतीय सरकीतून गेली, तिथून मेक्सिकोत १९११ मध्ये आणि टेक्सासमध्ये १९१७ मध्ये. आपल्याकडे देशी कपाशी हजारो वर्षांची. माहेर इथलंच.

निशाचर

दोन प्रश्न वेगळे ठेवूया. ती जगात कुठून पसरली, याचं उत्तर खानदेशींनी दिलं ते बरोबर. ती मुळात कुठे उपजली, हा दुसरा प्रश्न. पहिलं वर्णन जिथे झालं तीच जन्मभूमी असं वर्गीकरणात धरत नाहीत, ते फक्त नमुन्याचं ठिकाण. या दुसऱ्या प्रश्नावर दोन्ही पक्ष अजून उभे आहेत. बहिणी कुठे राहतात हा पुरावा मला वजनदार वाटतो, पण निकाल देण्याएवढा नाही.

वेचणी

पतंगांवर बरंच झालं, अळीचं विचारते. बोंड फोडल्यावर पांढरी अळी दिसली की लोक म्हणतात गुलाबी नाही. आणि काळ्या पडलेल्या कवडी (नीट न उमललेल्या) बोंडात गुलाबी अळी दिसली की म्हणतात हीच ती. दोन्ही वेळा घोटाळा होत असावा.

भिंग

वेचणीताई, दोन्ही वेळा होतो.

अळीच्या चार अवस्था. पहिल्या दोन अवस्थांत ती पांढरट, डोकं गडद तपकिरी. तिसरीपासून अंगावर गुलाबी आडवे पट्टे चढतात. पूर्ण वाढलेली ११ ते १३ मिलिमीटर. म्हणजे हिरव्या बोंडात सरकीला लागलेली पांढरी, गुळगुळीत, तपकिरी डोक्याची बारीक अळी ही बहुधा गुलाबीच, वयाने लहान. ठिपक्यांच्या अळीच्या अंगावर काटेरी उंचवटे असतात, त्यामुळे ती चुकत नाही. बाहेरून छिद्र शोधत बसू नका, अळी आत शिरल्यावर शिरकावाचं छिद्र बुजतं. बोंड उकलूनच पाहावं लागतं. फुलांत मात्र डोमकळी सांगते: पाकळ्या आतून जाळ्याने विणलेल्या, गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या.

कुजक्या, वाळक्या बोंडातली गुलाबी अळी दुसरीही असू शकते. कॉस्मोप्टेरिजिडी कुळातल्या एका बारीक पतंगाची अळीही गुलाबी असते, ती आधीच सडलेल्या बोंडातला उरलासुरला माल खाते. तिच्यासाठी फवारणी करणं म्हणजे पैसे पाण्यात. फरक पोटाकडच्या मांसल पायांवर दिसतो. तळव्यावर बारीक आकड्यांची रांग असते. गुलाबी बोंडअळीत ती रांग अपुऱ्या वर्तुळाची, बाहेरच्या बाजूला उघडी. कुजकं खाणारीत वर्तुळ पूर्ण. अळी मिनिटभर गरम पाण्यात टाका, ती ताठ होते आणि पाय बाहेर येतात, मग उलटी करून २० पटीने पाहा. थेट अल्कोहोलमध्ये टाकलीत तर आक्रसते, काळी पडते आणि आकडे दिसत नाहीत.

अजून एक: मोठ्या अळीच्या पाठीवर पोटाच्या पाचव्या खंडात त्वचेतून गडद डाग दिसला तर ती नर. आतली वृषणं असतात ती.

रानभेंडी

भेंडी आणि अंबाडीवरही हीच अळी ना?

भिंग

हो. भेंडी, अंबाडी, जास्वंद, पेटारी, परस भेंडी, सगळं एकाच कुळातलं. कपाशी आवडती, पण बांधावरच्या अंबाडीची बोंडंही उकलून पाहायला हवीत. हंगामाच्या शेवटच्या अळ्या दोन सरक्या एकमेकींना चिकटवून आत सुप्तावस्थेत पडून राहतात, म्हणून जिनिंगच्या आवारातल्या सरकीजवळ सापळे लावतात.

अमरावतीकर

निशाचर, शंभर टक्के खात्री हवी असेल तर? भिंगापलीकडे काय?

निशाचर

जननेंद्रियांची तपासणी. सिटोट्रोगा वेगळा काढायला तिची गरज नाही. नमुना संग्रहात ठेवायचा असेल किंवा स्क्युटिजेरासारख्या बहिणीशी तुलना करायची असेल तर लागते.

नर पतंगाचं पोट मुळापासून हळूच वर उचलून तोडा. १०० मिलि पाण्यात १० ग्रॅम कॉस्टिक पोटॅश, अशा द्रावणात पोट टाकून परीक्षानळी गरम पाण्यात १० ते १५ मिनिटं धरा, किंवा साध्या तापमानाला रात्रभर ठेवा. नळी थेट ज्योतीवर धरू नका, द्रावण उसळून डोळ्यांत जातं. चष्मा लावाच. स्नायू विरघळले की पाण्यात धुवा, बारीक ब्रशने खवले झाडा, मग शेवटच्या खंडावर हलका दाब देऊन अवयव बाहेर काढा. ३० टक्के अल्कोहोल, मग ७० टक्के, मग ग्लिसरीनच्या थेंबात काचपट्टीवर. जास्त वेळ उकडलं तर सगळं पारदर्शक होतं आणि काहीच दिसत नाही, तेव्हा रंगद्रव्याचा एक थेंब कामी येतो. कमी उकडलं तर चरबी चिकटून राहते. पंख आणि डोकं त्याच क्रमांकाच्या चिठ्ठीसह वेगळे ठेवा. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली की सगळी मेहनत फुकट.

डीएनएची सोय असेल तर एक पाय पुरतो.

टक्सनकर

ॲरिझोनात सापळ्यातल्या पतंगाची आणखी एक तपासणी चालायची. निर्मूलनासाठी वांझ केलेले पतंग मोठ्या संख्येने सोडत आणि त्यांच्या अळ्यांच्या खाद्यात लाल रंग मिसळत. सापळ्यातला पतंग चिरडला की पोट लाल निघालं तर तो सोडलेला, नाहीतर रानातला. सोडलेले आणि रानातले असा दोन्ही पतंगांचा हिशेब नीट ठेवल्यामुळेच कधी थांबायचं ते कळलं. २०१८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या कपाशीतून ही कीड गेल्याचं जाहीर झालं.

सूक्ष्मपंखी

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. वरच्या सगळ्यावरून मोजणीची रीत अशी ठरवली आहे, चूक असेल तर सांगा.

सकाळी पिशवी, फ्रीझर, पांढरा कागद. आधी मोठे, जाडजूड पतंग बाजूला. उरलेल्यांत पुढचा पंख पिवळट, पट्टे नसलेला आणि मागचा बोटासारखा टोकदार असेल तर सिटोट्रोगाच्या ढिगात. राखी-तपकिरी, मागचा पंख रुंद आणि रुपेरी असेल तर गुलाबीच्या. खवले पूर्ण गेलेले तिसऱ्या ढिगात, त्यांचा मागचा पंख भिंगाखाली. वहीत तिन्ही आकडे वेगळे. एखाद्या रात्री १२ आले आणि त्यातले ५ सिटोट्रोगा निघाले तर हिशेबाचे पतंग ७, म्हणजे ८ च्या खाली. याच्या जोडीला २० हिरवी बोंडं वेगवेगळ्या झाडांवरून तोडून उकलायची. त्यात दोन बोंडांत जिवंत अळी निघाली तर १० टक्के झाले, मग सापळा काहीही म्हणो.

अमरावतीकर

सहमत. माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. सिटोट्रोगा वारंवार येत असेल तर सापळा कोठारापासून, ज्वारीच्या बांधापासून लांब हलवावा, हे यात जोडा.

रसायनी

एकच दुरुस्ती. मिलनात अडथळा आणणाऱ्या गंधाच्या दोऱ्या किंवा पेस्ट ज्या शेतात लावली आहे तिथे ही रीत चालणार नाही. हवेत सगळीकडे तोच गंध असल्याने नराला सापळा सापडत नाही, पिशवी रिकामी राहते. आणि बाहेरून मीलन करून आलेली मादी तरीही अंडी घालू शकते. अशा शेतात सापळ्याचा आकडा बाजूला ठेवून दर आठवड्याला डोमकळ्या मोजायच्या आणि बोंडं उकलायची.

भिंग

तिसऱ्या ढिगाचे फोटो इथे टाकणार असाल तर वरून काढू नका. पतंग कुशीवर ठेवा, शेजारी मिलिमीटरची पट्टी, पॅल्प फोकसमध्ये. दुसरा फोटो मागचा पंख उलगडून, काळ्या कागदावर, म्हणजे झालर दिसेल.